तोमासाचं तापमान

मेक्सिकोतल्या थंड तोलुका शहराच्या तापमानाबद्दल अधिकारवाणीनं बोलू शकेल असा माणूस जगात एकच होता, आणि तो म्हणजे डॉन एवेलिओ अरिस्मेंदी. हवामान कचेरीत सत्तावीस वर्षं त्यांनी दिवसातून चार वेळा पारा वाचला, वहीत लिहिला आणि एकदाही खाडाखोड केली नाही. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तोमासा नावाची एक अजगरीण होती, आणि ती अकरा आठवडे उपाशी होती.

"गारठलीय ही," डोन्या सेनाइदा काचेच्या पेटीत डोकावत म्हणाली. ती बाजारात सापांच्या खाण्याचे उंदीर विकते. घरी तिचे स्वतःचे चौदा साप.

"अशक्य. बत्तीस अंश. सकाळी सात, दुपारी एक... ही वही बघा."

"वही असेल हो गरम. मी सापाबद्दल बोलतेय." मग तिला पेटीच्या छताला टांगलेली, झडपांची एक पांढरी लाकडी डबी दिसली. "आणि हे कबुतराचं खुराडं कशाला?"

"तापमापक सावलीत, हवेशीर आणि जमिनीपासून दीड मीटरवर हवा. नियम आहे." डॉन एवेलिओंचा आवाज किंचित खाली आला. "पेटीच साठ सेंटिमीटरची. जमेल तेवढा वर टांगला."

"हीटर बंद-चालू करणारी तारही त्यातच?"

"अर्थात."

"आणि तोमासा कुठं बसते?"

"खाली."

सेनाइदानं त्यांचं मनगट धरलं आणि हात पेटीच्या तळाला टेकवला. तळ थंडगार होता. तिनं पिशवीतून आपला तापमापक काढून तोमासाशेजारी ठेवला. एकवीस. हीटर वरची हवा तापवत होता, वरची हवा बत्तीस झाली की गुमान बंद पडत होता.

"तुम्ही शहर मोजलंत, डॉन एवेलिओ. ही शहरात राहत नाही, फरशीवर राहते. पोटाला ऊब नाही तर पचणार काय, आणि खाणार कशाला?"

ते स्टुलावर बसले. "अडीच महिने मी तिला..."

"अहो, माझा पहिला साप मी भाजला होता. तुम्ही नुसतं गारठवलंत, तुमची प्रगती आहे." तिनं आपला तापमापक पिशवीत टाकला. "पण खायला लागली की मारिक्रूस घेऊन जाणार ना हिला?"

तोमासा मुळात मुलीची. मारिक्रूस नोकरीसाठी मोंतेरेईला गेली, तेव्हा म्हणाली होती, "बाबा, उपाशी साप प्रवासात मरतो. खाल्लं की फोन करा, मी येऊन नेते." तोमासा सोडली तर घरात डॉन एवेलिओंखेरीज श्वास घेणारं दुसरं कोणी नव्हतं.

"जाणार," डॉन एवेलिओ म्हणाले.

"मग?"

"मग काय? तार खाली घ्या."

ती गेल्यावर त्यांनी पट्टी लावून अकरा आठवड्यांच्या नोंदींवर रेघ मारली.

आठव्या दिवशी दुपारी चारला तोमासानं उंदीर धरला. शेपटी दिसेनाशी होईपर्यंत ते स्टुलावरून हलले नाहीत. मग दालचिनी घालून कॉफी केली, ती सावकाश प्यायले. नोंद केली नसती तरी चाललं असतं. तपासायला कोण येणार होतं? कचेरीतल्या नोंदीही सत्तावीस वर्षांत कोणी तपासल्या नव्हत्या. त्यांनी लिहिलं: 'तळ बत्तीस. उंदीर एक, मध्यम.' आणि फोन लावला.

"खरंच खाल्लं, बाबा?"

"शेपटीसकट."

"शनिवारी येते!"

शनिवारी मारिक्रूस आली. डॉन एवेलिओंनी तोमासाला कापडी पिशवीत घालून पिशवीचं तोंड स्वतः बांधलं. हीटर, तार, तापमापक खोक्यात भरले आणि वर चार पानी सूचना ठेवल्या: गरम कोपरा बत्तीस, थंड कोपरा सव्वीस, मोजायचं ते फरशीवर. गाडी वळेपर्यंत ते फाटकात उभे राहिले.

मोंतेरेईत त्या आठवड्यात एकेचाळीस अंश होतं. मारिक्रूसनं खोकं उघडलंच नाही. तोमासासाठी तिला एसी लावावा लागला.