तिरप्या चुण्यांचा फुगा

जत्रेतला फुगा संध्याकाळपर्यंत टिकला तरी पुष्कळ. मी मात्र चाळीस वर्षांचा म्हातारा फुगा आहे. मित्रांनो, मला दोरा नाही, रंगही नाही. एका लांबलचक बारीक नळीच्या टोकाशी मी बसलेलो आहे आणि माझी लांबी तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढीच आहे. आमच्या जातीला डॉक्टर कॅथेटर म्हणतात. ते आम्हाला मांडीजवळच्या रक्तवाहिनीतून आत सरकवतात, थेट हृदयापर्यंत नेतात आणि जिथे वाट चिंचोळी झाली असेल तिथे पाणी भरून फुगवतात. वाट मोकळी झाली की पाणी काढून घेतात आणि आम्हाला बाहेर ओढतात.

मी स्वतः मात्र कोणत्याही माणसाच्या हृदयापर्यंत गेलेलो नाही. माझ्या वाट्याला दुसरेच काम आले. मला एका टेबलावर साक्ष द्यायची होती.

माझा जन्म जर्मनीतल्या टुटलिंगेन गावचा. तिथे दर दुसऱ्या घरात कुणीतरी शस्त्रक्रियेच्या कात्र्या आणि चिमटे घडवणारे असते. ओयगेन श्टेले यांचा अठरा माणसांचा कारखाना होता. कात्र्यांबरोबर त्यांनी नळ्यांचाही एक विभाग काढला होता. त्यात सात जण काम करत आणि त्यांची मुकादम होती हेडविग माउटे. हेडविगबाई आधी थर्मामीटरच्या एका कारखान्यात काचा फुंकायच्या. तो कारखाना बंद पडला तेव्हा त्या इकडे आल्या. तापलेली नळी किती मऊ झाली म्हणजे फुंकायची, हे त्यांच्या बोटांना कळत असे.

त्या काळच्या फुग्यांत एक खोड होती. पाणी काढले की ते चपटे व्हायचे, पण पहिल्यासारखे बारीक व्हायचे नाहीत. दोन्ही बाजूंना पंख फुटल्यासारखे दिसायचे आणि बाहेर येताना रक्तवाहिनीला आतून खरवडायचे. एक डॉक्टर कारखान्यात येऊन म्हणाले होते, "बाई, तुमचा फुगा जाताना पाहुणा असतो, येताना चोर होतो. जाता जाता काहीतरी घेऊनच जातो."

हेडविगबाईंना ते बोलणे लागले. त्यांनी साच्यातच तीन खाचा पाडल्या. त्यामुळे फुग्यावर तीन चुण्या उमटू लागल्या. पाणी काढले की फुगा त्या चुण्यांवर आपोआप मुडपायचा आणि मिटलेल्या कळीसारखा नळीला लपेटून बसायचा. सगळ्यांना वाटले, जमले. पण दाब वाढवला की फुगा चुणीवरच फाटायचा. एक फाटला, दहा फाटले, एक्केचाळीस फाटले. हेडविगबाईंनी प्रत्येकाची नोंद वहीत केली: किती दाबाला फाटला, कुठे फाटला. मग त्यांनी खाचा सरळ न ठेवता जराशा तिरप्या कोरल्या, दोराच्या पिळासारख्या. ताण एका रेषेत न राहता फुगाभर पसरला. तो बेचाळिसावा फुगा मी. मी फाटलो नाही.

त्या दिवशी श्टेलेसाहेबांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना कॉफी दिली आणि मला खिडकीशी धरून बराच वेळ पाहिले. मला फार धन्य वाटले.

मित्रांनो, नवी युक्ती सापडली की तिचे पेटंट मागता येते. पेटंट म्हणजे सरकारी शब्द: ही युक्ती यांची, इतकी वर्षे दुसऱ्याने ती विचारल्याशिवाय वापरायची नाही. त्याच्या बदल्यात आपण ती युक्ती जगाला उघड करून सांगायची. त्या अर्जात 'दावा' नावाचा भाग असतो. आपली हद्द कुठून कुठपर्यंत, हे त्यात लिहितात. आमचा अर्ज श्टुटगार्टचे वकील डॉ. ऑस्टरकाम्प यांनी लिहिला. माणूस हुशार होता. त्यांनी दाव्यात लिहिले: चुण्या असलेला कोणताही फुगा.

हेडविगबाई म्हणाल्या, "पण सरळ चुण्यांचे फाटतात, डॉक्टरसाहेब. तिरप्या लिहा ना."

"तिरप्या लिहिलं तर शेजारचा सरळ करेल आणि आपण बघत बसू," ऑस्टरकाम्प म्हणाले. "कुंपण घालायचंच तर ऐसपैस घालावं, बाई."

"मग निदान आत कुठेतरी एक वाक्य असू दे. घडलंय ते घडलंय."

वकिलांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नवव्या पानावर ते वाक्य घातले: सरळ चुण्या जास्त दाबाला फाटतात, तिरप्या टिकतात.

अर्ज म्युनिकच्या पेटंट कार्यालयात गेला आणि दोन वर्षे काहीच हालचाल झाली नाही. मी एका पेन्सिलच्या डब्यात कापसावर पडून होतो. मग अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांचे पत्र आले. त्यांचे नाव सीट्झे हुकेमा. ते मूळचे नेदरलंड्सच्या उत्तरेकडचे. श्टेलेसाहेबांनी ते पत्र कारखान्यात उभ्यानेच वाचले. हुकेमांनी तीस वर्षांपूर्वीचे एक फ्रेंच पेटंट शोधून काढले होते. त्यात गॅसच्या नळात बोळ्यासारखा बसवायचा एक मोठा रबरी फुगा होता आणि त्यालाही तीन चुण्या होत्या, लहान भोकातून बाहेर काढता यावा म्हणून. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता: मग तुमचे नवीन ते काय?

श्टेलेसाहेब मटकन खुर्चीत बसले. समुद्रापलीकडची एक मोठी कंपनी माझ्यासारखे फुगे बनवायचा हक्क मागत होती, पण पेटंट हाती असेल तरच. ते मिळाले नाही तर नळ्यांचा विभाग चालवणे त्यांना झेपणार नव्हते. सात माणसांची घरे त्यावर होती. हेडविगबाई त्यातल्याच एक.

पत्रे गेली, पत्रे आली. शेवटी १९८९च्या शरद ऋतूत समोरासमोर सुनावणी ठरली. मला डब्यातून काढून पुसले गेले. आगगाडीत श्टेलेसाहेबांनी ब्रेत्सेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा खारट पाव, लोणी लावून पुढे केले, पण हेडविगबाईंनी ते तसेच पिशवीत ठेवले. डबा त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रवास. डब्याच्या फटीतून अधूनमधून उजेडाची एक रेघ आत यायची, तेवढेच मी पाहिले.

कार्यालयाच्या बोळात ऑस्टरकाम्प हलक्या आवाजात म्हणाले, "हे बघा, विचारलं तरच बोलायचं. आणि फाटलेल्या फुग्यांचं नावही काढायचं नाही. आपलाच माल फाटतो म्हणून कोणी दवंडी पिटतं का?"

हेडविगबाईंनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे मला डब्यातून कळले नाही.

खोलीत तीन परीक्षक होते. मधोमध बसलेल्या अध्यक्षबाई फारसे बोलत नव्हत्या, एक गृहस्थ सतत लिहीत होते आणि तिसरे हुकेमा. उंच, किंचित वाकलेले, कोपराला ठिगळ लावलेला लोकरी कोट. ऑस्टरकाम्प तासभर बोलले. गॅसचा नळ कुठे आणि माणसाचे हृदय कुठे! हृदयावर काम करणारा माणूस गॅसवाल्याच्या कागदात कशाला डोकावेल?

हुकेमांनी सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "मला तो फुगा दाखवता का?"

हेडविगबाईंनी मला बाहेर काढले. नळीला पिचकारी जोडली आणि पाणी भरले. मी चार वर्षांनी फुगत होतो. दाबाचा काटा चढत गेला आणि मला भीती वाटली, खोटे कशाला सांगू? पण मी टिकलो. पाणी काढले, तसा मी आपल्या चुण्यांवर मुडपून मिटलो. अध्यक्षबाई नकळत पुढे झुकल्या.

हुकेमांनी भिंग काढून माझ्यावर धरले. त्यांचा तो मोठा झालेला निळा डोळा मला आजही आठवतो.

"या चुण्या सरळ का नाहीत?" त्यांनी विचारले.

"ते बनवण्यातलं किरकोळ आहे," ऑस्टरकाम्प झटकन म्हणाले. "त्याला काही महत्त्व नाही."

हेडविगबाईंची बोटे माझ्या नळीवर होती.

"किरकोळ नाहीये ते, साहेब," त्या म्हणाल्या. "सरळ चुण्यांचे एक्केचाळीस फाटले माझ्या हातात. वही आणलीय मी. तिरपी केली तेव्हा हा टिकला."

ऑस्टरकाम्प यांचे पेन कागदावर थांबले.

"म्हणजे सरळ चुण्यांचा फुगा तुम्हाला बनवता आलाच नाही?" हुकेमांनी विचारले.

"फुगतो, पण हृदयाला लागतो तेवढा दाब त्याला सोसत नाही. त्या गॅसवाल्याला चालला असेल. त्याच्याकडे दाब असून असून किती असणार!"

"हे अर्जात आहे?"

"आहे. नववं पान, खालून दुसरं वाक्य."

हुकेमांनी पाने उलटली नाहीत. त्यांनी नुसते अध्यक्षबाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "अर्धा तास थांबू या. अर्जदारांना दावा बदलायचा असेल तर त्यांनी विचार करावा."

बाहेर बोळात ऑस्टरकाम्प यांचा राग उफाळून आला. "बाई, काय केलंत हे! दहा एकरांचं रान मागत होतो, तुम्ही गुंठाभरावर आणून ठेवलंत!"

हेडविगबाईंनी मला हातात धरून ठेवले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर विभागातली सहा माणसे उभी राहिली असावीत.

श्टेलेसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. ते वळले आणि म्हणाले, "डॉक्टर, त्या दहा एकरांत नांगर कुणी घातला होता? आपण तर नाही. गुंठाभर आपण कसलाय, तेवढा मागा. लिहा तिरप्या."

"आणि ते कंपनीवाले नाही म्हणाले तर?"

"तर मी माझ्या माणसांना तोंडावर सांगेन. लिहा तुम्ही."

ऑस्टरकाम्प यांनी चष्मा पुसला, मोठा निःश्वास टाकला आणि बाकावरच बसून नवा दावा लिहिला. मला वाटते, त्यांच्या आयुष्यातले ते सर्वांत छोटे कुंपण असेल.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. तिघे परीक्षक आत जाऊन बोलले, परत आले आणि अध्यक्षबाईंनी सांगितले की फ्रेंच फुग्याच्या चुण्या सरळ होत्या, त्या तिरप्या कराव्यात असे त्यात कुठेही सुचवलेले नव्हते, म्हणून या दाव्यावर पेटंट देता येईल. हेडविगबाईंनी डब्यात कापूस नीट करून मला ठेवले.

निघताना हुकेमा दाराशी आले. "पान नऊ मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत हो?" हेडविगबाई जवळजवळ रागावल्या. "दोन वर्षं झोप उडाली आमची!"

"तुमची हद्द मी आखून देऊ शकत नाही, बाई. ती तुम्हीच मागायची असते. मी फक्त विचारू शकतो." मग जरा हसून म्हणाले, "आणि तुमच्या वकिलांना न दुखवता किती वेळा विचारणार?"

परतीच्या गाडीत हेडविगबाईंनी दोन ब्रेत्सेल खाल्ली.

समुद्रापलीकडच्या कंपनीने आधी नाकच मुरडले. एवढीशी हद्द? आम्ही बाजूने जाऊ, म्हणाले. त्यांनी सरळ चुण्यांचे फुगे करून पाहिले. ते फाटले. वर्षभराने त्यांचा माणूस टोपी हातात घेऊन टुटलिंगेनला आला आणि तिरप्या चुण्यांचा हक्क पैसे मोजून घेऊन गेला. नळ्यांचा विभाग टिकला आणि पुढे सातांचे तीस झाले. माझी हजारो भावंडे तिथे जन्मली आणि दूरदूरच्या देशांत कुणाकुणाच्या हृदयापर्यंत जाऊन आली. त्यांतली परत कोणी भेटली नाहीत. आमचे काम एकदाच असते, नंतर फेकून देतात. दीर्घायुष्य मिळाले ते फक्त मला, ज्याने कुणाचा जीव वाचवला नाही. याचे कधी कधी वाईट वाटते.

काही वर्षे मी काचेच्या कपाटात होतो. पाहुणे यायचे, वा वा म्हणायचे. मग श्टेलेसाहेब गेले, कारखाना नव्या इमारतीत हलला आणि कपाट कुणीतरी घेऊन गेले. मी एका खणात जुन्या किल्ल्या आणि वाळलेल्या पेनांखाली पडलो. पेटंटची मुदत संपली त्या दिवशीही मी त्याच खणात होतो. त्या दिवसापासून माझी युक्ती कोणीही वापरावी अशी झाली. मला ते कळले असते तर आनंदच झाला असता, पण खणात येऊन सांगणार कोण?

गेल्या वर्षी खण रिकामा करताना मी सापडलो आणि गावातल्या छोट्या संग्रहालयात आलो. तिथल्या नव्या व्यवस्थापकांना फार उत्साह. त्यांनी पाटी रंगवली: हृदयासाठी बनलेला जगातला पहिला फुगा. उद्घाटनाला मला सर्वांसमोर पाणी भरून फुगवायचेही ठरवले. त्यासाठी हेडविगबाईंना बोलावणे गेले. त्या आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि काठी टेकत येतात.

त्यांनी पाटी वाचली. "अहो, पहिला कुठला? याच्या आधी कितीतरी होते. चुण्या तिरप्या केलेला फुगा, एवढंच लिहा. आमचं तेवढंच आहे."

"पण बाई, लोकांना पहिला म्हटलं की बरं वाटतं..."

"वाटू दे. खोटंच आहे ना ते? आणि पाणीबिणी काही भरायचं नाही. प्लास्टिक कडक झालंय त्याचं. हात तरी लावून बघा."

व्यवस्थापकांनी हात लावला आणि पटकन मागे घेतला. पाटी बदलली. मला उन्हापासून दूर, मऊ कापडावर ठेवले. हेडविगबाई थोडा वेळ काचेशी उभ्या राहिल्या, मग बसची वेळ झाली म्हणून गेल्या.

मित्रांनो, तुम्ही इथे याल तेव्हा खुशाल जवळून पाहा. काचेला नाक लावलेत तरी चालेल. माझ्या चुण्या मोजा, त्या कशा वळल्या आहेत ते बघा आणि घरी जाऊन कुणाला सांगायचे तर तेवढेच सांगा. फक्त एक विनंती आहे म्हाताऱ्याची. मला फुगवू नका. पाण्यानेही नाही आणि शब्दांनीही नाही.