भस्माचे डबे

"सेल शोधा! बघा, कुठं सेल लपवलाय का!"

असं आव्हान देत ज्योतीअय्या नावाच्या बुवाने समईखालची लाकडी पेटी उघडली, तशी हिरेकोप्पच्या मठातली गर्दी पुढे रेटली. सेल नव्हते. लाल फडक्यात बांधलेले दोन डबे होते. "गुरूंच्या समाधीचं भस्म," अय्या म्हणाला. मग त्याने भिंतीतली दिव्याची पिन उपटून वायरीचं टोक गर्दीपुढे टाकलं, तरी समईवरचा काचेचा दिवा जळतच राहिला. लोकांनी गालांत मारून घेतलं. चार ओळींची आरती झाली आणि अय्याने लगबगीने पडदा ओढला.

नागवेणी मागे उभी राहून दातओठ खात होती. ती गदगच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. धाकट्या बहिणीची, गिरिजाची, लेक चिन्मयी हिला आकडीचा आजार. गोळ्यांनी शक्ती बाटते, असं सांगून या भामट्याने तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि रोज तो तांब्याच्या दांड्याने तिला 'शक्ती' द्यायचा. काल न्हाणीत आकडी येऊन पोरीचं कपाळ फुटलं.

"वायर काढली तरी ज्योत जळते, अक्का! आता बोल!" गिरिजा म्हणाली.

"विझली तर गोळी देशील?"

"विझायची नाही. विझली तर देईन, पोरीच्या गळ्याची शपथ."

सेल असता तर दिवा रात्रभर चालला असता. मग याला पडद्याची एवढी घाई कशाची? नागवेणीला उत्तर कळलं होतं. आरतीचं पद पुरं झाल्याशिवाय देवापुढे पडदा ओढत नाहीत, हा गावचा रिवाज. दुसऱ्या दिवशी अय्याने पुन्हा पिन उपटली, तशी ती मठात पूर्वी लांबलचक आरत्या गाणाऱ्या निंगज्जीच्या शेजारी जाऊन बसली. अय्या आल्यापासून म्हातारीला कुणी गाऊ दिलं नव्हतं.

"अज्जी, आज तुमची आरती होऊ दे. सगळ्या देवांची."

निंगज्जीने पदर सावरला आणि गणपतीपासून सुरुवात केली. वीरभद्रापर्यंत दिवा ठीक होता. यल्लम्मा आली तेव्हा मंदावला. अय्याचा हात पडद्याच्या दोरीकडे गेला.

"पुरे अज्जी, देव दमला!"

"देव दमला की तू? हात काढ! बसवण्णा यायचाय अजून!"

बसवण्णा येण्याआधीच दिवा विझला.

"गर्दीत पापी आहे!" अय्या ओरडला. "पाप्याची सावली पडली!"

"ती पापी मी," म्हणत नागवेणी पुढे झाली. तिने पिन परत भिंतीत लावली, थोडं थांबली आणि उपटली. दिवा जळत राहिला. "पाप्याच्या हातानंही जळतो की, अय्या!" मग तिने लाल फडकं सोडून डब्यांची वायर ओढून काढली. क्षणात काळोख.

कुणीतरी दिवे लावले. तिने डबा वर धरला. "ओळखा. पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही, तेव्हा काय बदलता?"

"कपॅसिटर," एक शेतकरी पुटपुटला आणि ओशाळला.

"त्याचाच हा मोठा भाऊबंद. टाकीत पाणी भरावं तशी यात वीज भरते. मध्ये रेझिस्टर आहे, अर्धवट पिळलेल्या नळासारखा, म्हणून ती हळूहळू गळते. टाकी रिकामी होत आली की दिवा मंदावतो, आणि हा पडदा ओढतो." तिने अय्याच्या तांब्याच्या दांड्याचं बूड उघडलं. आत तारेचं वेटोळं, बटण आणि सेल निघाले. "वेटोळ्यातली वीज एकदम तोडली की ते उसळून झटका देतं. आजारी लेकराला याने हे झटके दिले, आणि तुम्ही हात जोडून बघत बसलात! सेल सापडला नाही म्हणजे देव सापडला, असं होत नाही. डब्यात काय आहे, ते विचारायचं होतं. उघडून बघायचं होतं."

 पळू बघणाऱ्या अय्याला दोघांनी दारातच धरलं.

गिरिजा चिन्मयीला घेऊन रडत पुढे आली. तिने कमरेला खोचलेल्या पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांची पट्टी होती.

"फेकवल्या नाहीत गं, अक्का," ती म्हणाली. "रोज हात जायचा, पण भीती वाटायची."

नागवेणीने पाण्याचा तांब्या पुढे केला. चिन्मयीने गोळी गिळली. मागे विझल्या दिव्यासमोर निंगज्जीने राहिलेला बसवण्णा गायला घेतला.