रेवाचा उपास

मित्रांनो, मी एक थकलेला रंगीत प्रिंटर आहे. चेन्नईत, अण्णा नगरमधल्या एका फ्लॅटच्या बैठकीत, खिडकीखालच्या स्टुलावर मी असतो. इथली हवा दमट. कागद ओला पडतो, माझे रोलर घसरतात आणि पान ओढताना मी मोठ्याने कण्हतो. घरातल्यांना आता त्याची सवय झाली आहे.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते रिची स्ट्रीटवरचं दुकान. तिथून दिनानाथकाकांनी मला रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं. काका रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात नोकरीला होते. साताऱ्याहून आले आणि इथलेच झाले. त्यांचा मुलगा अनिकेत तेव्हा कॉलेजात होता. त्याच्या प्रकल्पांची पानं मी झरझर काढून द्यायचो. त्याचे मित्र माझ्या रंगांचं कौतुक करायचे. मग अनिकेत पुण्याला नोकरीला गेला. त्याच्या आईने, कमलिनीकाकूंनी, माझ्यावर भरतकामाचा रुमाल टाकला. शाई आत वाळून गेली. कोणी विचारीना.

या घरात रेवाही राहते. ती अनिकेतची मोठी बहीण, तिशी ओलांडलेली. रेवाला नवी गोष्ट समजायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. लांब वाक्यं तिच्या हातून निसटतात. लहान वाक्यं मोठ्या अक्षरांत असली, की ती एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचते. दिवसा ती एका केंद्रात मेणबत्त्या बनवते आणि संध्याकाळी आईला दिवसभराचं सगळं सांगते.

मागच्या वर्षी तिचं पोट दुखू लागलं. पित्ताशयात खडे निघाले आणि शस्त्रक्रिया ठरली. दवाखान्याने एक कागद दिला. एका बाजूला तमिळ, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, दोन्हीकडे मुंगीएवढी अक्षरं. काकूंनी तो वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "रेवा, उद्या सकाळी तुझा उपास हं."

"सरी," रेवा म्हणाली. इथे 'बरं'ला तसंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी काका-काकू तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि शस्त्रक्रिया न होताच दुपारच्या आत तिघंही परत आले. काकूंनी पर्स सोफ्यावर आपटली.

"सांगितलं होतं ना तुला, उपास म्हणून! डॉक्टर किती रागावले!"

"मी उपासच केला," रेवा म्हणाली. "इडली नाही खाल्ली. भात नाही खाल्ला. केळं खाल्लं, राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, दूध प्यायले. मी उपास मोडला नाही, आई."

काकू उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. या घरात दर चतुर्थीला उपास असतो, आणि उपासाला काय खायचं ते रेवाला त्यांनीच शिकवलं होतं.

नवी तारीख लांबची मिळाली. मधल्या दिवसांत रेवा पोटाशी उशी धरून माझ्याशेजारी बसून राहायची. पुन्हा जोराची कळ आली तर धोका आहे, असं दवाखान्यातल्या डॉक्टर राममूर्तींनी फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर काकूंनी माझ्यावरचा रुमाल काढला. दिनानाथकाकांनी नवी शाई आणली, आणि माझं पुन्हा काम सुरू झालं.

पहिल्या पानावर काकूंनी लिहिलं, 'शस्त्रक्रियेपूर्वी अन्न व पाणी वर्ज्य.'

"वर्ज्य कोण?" रेवाने विचारलं.

दुसऱ्या पानावर जेवणाचं ताट आणि त्यावर लाल फुली.

"ताटात नाही घ्यायचं. मग डब्यात?"

पानामागून पान निघत गेलं. माझे रोलर तापले. काकूंचा आवाज चढला. "पुरे गं आता, रेवा! मी दमले."

"मी पण दमले," रेवा म्हणाली. "पण मला कळलं नाही."

 मग काका उठून स्वयंपाकघरात गेले. घरातलीच केळी, घरातलाच लाडवांचा डबा, इडली, दूध आणि रेवाचा स्टीलचा पेला, सगळ्यांचे त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. ते फोटो मी छापले. खाली काकूंनी लिहिलं, 'सकाळी हे खायचं नाही. पाणी पण नाही. काहीच नाही. डॉक्टर तुला झोपवतील. पोटात खाणं असलं तर झोपेत उलटी होते. ती छातीत जाते. म्हणून.'

"हे 'म्हणून' आधी का नाही सांगितलं?" रेवा म्हणाली. 

शेवटच्या ओळीत काकूंनी लिहिलं होतं, 'दुखणार नाही.' काकांनी मान हलवली. "नंतर दुखेल, कमल. खोटं नको." तेवढ्यासाठी ते पान मला पुन्हा काढावं लागलं. 'जागी झाल्यावर दुखेल. नर्सला सांग. ती औषध देईल.' रेवाने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

ठरलेल्या दिवशी निघताना खालच्या मजल्यावरच्या मामी देवळातला प्रसाद घेऊन आल्या. गरम पोंगलचा, म्हणजे इथल्या मूगडाळीच्या खिचडीचा, वास बैठकभर पसरला. सवयीने काकूंनी थोडा प्रसाद घेऊन रेवापुढे हात केला. "घे गं चिमूटभर. प्रसादाला नाही म्हणू नये."

रेवाने पिशवीतून पान काढलं. फोटोंवरून फिरवत तिने बोट खालच्या ओळींवर आणलं. "यात प्रसाद नाही," ती म्हणाली. "पण 'काहीच नाही' लिहिलंय."

काकूंनी हात मागे घेतला. मामींनी वाटी झाकली.

शस्त्रक्रिया नीट झाली. दुखलं, आणि रेवाने नर्सला सांगितलं. नर्सला ते पान आवडलं, म्हणून काकूंनी तमिळमध्ये तसंच करून दिलं. त्या प्रती मी काढल्या. त्या कोणाच्या हातात पडतात की कपाटात, मला माहीत नाही.

तेव्हापासून रेवा घरात येणारा प्रत्येक कागद माझ्यापाशी आणून ठेवते. बँकेचा, सोसायटीचा, केंद्राचा. "हे माझं करून दे," म्हणते. काकू चष्मा पुसतात आणि बसतात. एका कागदाला कधी अख्खी संध्याकाळ जाते. माझा फिकट झालेला निळा रंग आता सुधारणार नाही. माझे सुटे भाग मिळत नाहीत, असं दुरुस्तीवाला सांगून गेला आहे.

काल दवाखान्यातून फेरतपासणीचा कागद आला. तीच मुंगीएवढी अक्षरं.

"त्यांनी परत तसाच दिला," रेवा म्हणाली. ती रागावली नव्हती. नुसती कागदाकडे बघत राहिली.

मित्रांनो, मला कोणी पुसून ठेवलं, झाकून ठेवलं, तर बरं वाटेल. पण माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी बँकेत बसेल, कोणी सूचना लिहील. लिहिलेला कागद हातात कोंबून निघून जाऊ नका. ज्याच्यासाठी लिहिला, त्याच्याशेजारी बसा. तो अडला तर आवाज चढवू नका, वाक्य लहान करा. आणि 'का' ते सांगायला विसरू नका. हे काम एका घरातल्या जुन्या प्रिंटरवर आणि एका दमलेल्या आईवर सोडू नका.

काकूंनी बटण दाबलं आहे. कागद आजही दमट आहे. ओढून बघतो.