साठ दातांचं चाक

मी एक जुनी लेथ आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने संशयी आहे. लोखंड कापून गोल करणं हे माझं काम. माणसं पारखण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

विलायतेत मला ओतलं, मुंबईच्या एका गिरणीत मी चाळीस वर्षं राबले. गिरणी बंद पडली तेव्हा हिरामण मिस्त्रींनी मला टेंपोत घालून कशेळे गावातल्या आपल्या शेडमध्ये आणलं. पंपाचे दांडे, भातगिरणीचे स्क्रू मी घडवले. "मिस्त्री, तुमची लेथ म्हंजे लक्ष्मी हाय," असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि मी फुशारून जायचे.

स्क्रूवर आटे पाडायचे तर माझ्या कुशीतली दातेरी चाकं बदलावी लागतात. नको असलेली चाकं खिळ्याला टांगतात. त्यातलं साठ दातांचं चाक आठ वर्षांपूर्वी नाहीसं झालं. मिस्त्री तेव्हा इस्पितळात होते आणि मी गोणपाटाखाली. कुणीतरी आलं, चाक उतरवलं, पावलं निघून गेली. शेडची एक किल्ली कारागीर सखाकडे असे. मला आणखी पुरावा कशाला हवा होता?

मिस्त्रींनीही परत आल्यावर सखावरच बोट ठेवलं. "मी नाय नेलं, मिस्त्री," एवढंच म्हणून सखाने किल्ली माझ्या अंगावर ठेवली आणि तो गेला. मिस्त्री दुकानातलं काही घरी सांगत नसत. बायकोला म्हणाले, सखाने काम सोडलं.

मिस्त्री वारले. आता त्यांची मुलगी निशिगंधा शेड चालवते. मिस्त्री दुसऱ्या चाकांची जुळवाजुळव करून निभावत; तिला ते जमेना, आट्यांची कामं परत जाऊ लागली. भंगारवाला लडकू दोनदा येऊन मला ठोकून बघून गेला, तेव्हा मी फार घाबरले. शेवटी निशिगंधाने सखालाच बोलावलं. "काका, नवं चाक बनवून द्याल?"

आठवड्याने सखा आला आणि त्याने पिशवीतून सागवानी चाक काढलं. ज्याचा साचा घेऊन लोखंडी चाक ओततात, तो लाकडी नमुना होता. बरोब्बर साठ दात. मी मनात म्हटलं, खरं चाक समोर ठेवूनच कोरलंय लबाडाने.

तेवढ्यात निशिगंधाची आई इंदूबाई चहा घेऊन आल्या आणि थबकल्या. "असं चाक तर आपल्या देवघरात हाय."

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. मला उचलून घरी कोण नेणार? म्हणून मिस्त्री दरवर्षी मापाची पट्टी आणि कॅलिपर न्यायचे. त्या वर्षी ते इस्पितळात, म्हणून इंदूबाईंनी घरातल्या किल्लीने शेड उघडून आपल्या मनाने दिसायला देखणं ते चाक उचललं. पूजेनंतर ते लाल फडक्यात बांधलेलं राहिलं. पुढे दर नवमीला ते फडक्यासकट फुलांखाली झाकून जायचं, त्यामुळे मिस्त्रींनी किंवा निशिगंधानेही कधी निरखलं नाही.

इंदूबाईंनी चाक आणून दिलं, तेव्हा सखाने आपल्यावरचा चोरीचा आळ पहिल्यांदा सांगितला. "त्यापायी गेलात व्हय, भावजी? मला कुणी सांगितलंच नाय." इंदूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमी पूजा केलीत, वयनी. चोरी थोडीच केलीत."

सखाने रॉकेलने कुंकू पुसलं, चाक बसवलं. आटे सुरेख पडले. मग लाकडी चाक त्याने खिळ्याला अडकवलं. "पुढल्या नवमीला ह्ये न्या. त्ये मला कामाला लागंल."

मित्रांनो, मला तेल द्या, माझा गंज पुसा, हे मी मागणारच होते. पण आधी कबूल करते. त्या दिवशी गोणपाटाबाहेर पावलांसोबत बांगड्याही वाजल्या होत्या. मी ऐकल्या आणि तरी सखाचंच नाव धरलं. काही हरवलं तर कुणावर बोट ठेवण्याआधी आपलं घर धुंडाळा. माझं चाक आठ वर्षांनी जसंच्या तसं मिळालं. सखाचे केस मात्र तो किल्ली ठेवून गेला तेव्हा काळे होते.