आमेन कोणी म्हणायचं

आमच्या घरी रात्री जेवणाआधी प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, आणि ज्या माणसामुळे ती गोष्ट मिळाली त्यानेच आमेन म्हणायचं. आमेन आल्याशिवाय घास नाही. हा कायदा माझा. मुलांना नुसतं थँक्यू पुटपुटायची सवय लागू नये, समोरच्या माणसाकडे बघून आभार मानता यावेत, म्हणून केलेला. मी नर्स आहे. कायदे करायची खोड मला ड्यूटीवरच लागली.

छापखाना बंद पडून नवरा घरी बसला आणि त्याचं आमेन बंद झालं. "माझ्यामुळे काय मिळतंय कुणाला?" असं एकदा म्हणाला, ते पोरांनी ऐकलं. थोरला बेरकी. तो रोज माझेच आभार मानायचा, म्हणजे जेवण लवकर. मला मात्र अन्न गोड लागेना. हा माणूस असाच मिटत गेला तर काय, या धास्तीने मी उगाच भांडी आपटत होते.

त्या दिवशी पाच वर्षांच्या ठकीने हात जोडले. "प्रभू येशू, बाबा मला शाळेतून आणतो म्हणून थँक्यू. आई ओढत आणते. बाबा थांबतो. आज गोगलगाय पलीकडे जाईपर्यंत आम्ही थांबलो."

आमेन येईना. ताटातलं निवायला लागलं. शेवटी मीच म्हणून टाकावं म्हटलं, तर ठकीने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"तू नाही. तू कुठे होतीस?"

नवरा तिच्याकडे वळला. म्हणाला, "आमेन."

थोरल्याने लगेच घास उचलला.

"ठेव रे. माझं राहिलंय," नवऱ्याने डोळे मिटले. "देवा, ही दिवसभर परक्यांचं दुखणंखुपणं काढते आणि घरी येऊन मला एका शब्दाने टाकून बोलत नाही. चिडते ती माझ्याच काळजीने, तेही मला कळतं. तिच्याबद्दल तुझे आभार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आई, म्हण ना आमेन," थोरला काकुळतीला आला. "भूक लागलीय."

"गप रे दादा," ठकी म्हणाली. "तिचं रडून होऊ दे."