चंचीतले दोन गोळे

शकुंतलेने रबरी गोळ्याचं बूच उघडलं आणि आतलं पाणी मापाच्या कपात ओतलं. चार दिवसांपूर्वी ते लालभडक होतं, आता हळदीच्या पाण्यासारखं दिसत होतं. कालपासूनचं मिळून उजवीकडचं वीस मिली, डावीकडचं पंधरा. गोळे मुठीत दाबून तिने हवा काढली आणि बुचं लावली.

"झालं का, ताई?" धाकट्या जावेने, सपनाने, भिंतीकडे तोंड करूनच विचारलं. असलं काही दिसलं की तिला भोवळ यायची. म्हणून सासूबाईंनी हे काम थोरल्या सुनेकडे दिलं होतं.

"होऊन राहिलं. हलू नको."

सपनाची छाती फार जड होती. मान धरायची, पाठ धरायची. नांदेडला ऑपरेशन करून तिने ती कमी करून घेतली आणि दोन्ही बाजूंना नळ्या, नळ्यांच्या टोकाला हे गोळे घेऊन ती वसमतला घरी आली. जखमेत साचलेलं पाणी गोळ्यांत उतरायचं. ते रोज मोजायचं, कागदावर लिहायचं आणि कागदाचा फोटो दवाखान्यातल्या सिस्टरला पाठवायचा. दोन्ही बाजूंचं वेगवेगळं तीसच्या खाली आलं, की सोमवारी नळ्या निघणार होत्या. गल्लीत मात्र 'गाठ काढली' एवढंच सांगितलं होतं.

शकुंतलेचा जीव जळत होता. खोटं कशाला बोला? तिची छाती काय हलकी होती? हळद निवडायला दिवसभर वाकून बसायचं, तर उठताना भिंत धरावी लागे. पट्ट्या रुतून दोन्ही खांद्यांना खाचा पडल्या होत्या. एकदा नवऱ्याला सांगून पाहिलं, तर संतोष म्हणाला, "बाईमाणसाला हे असतंयच." आणि इकडे धाकट्या दिराने, धम्मदीपने, बायकोसाठी शाळेतून पंधरा दिवसांची रजा काढली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं जळत दोघींचं होतं, आणि कळलं मात्र एकीचंच.

सगळ्यांत झोंबली ती चंची. चतुराबाईंची, सासूबाईंची, पानसुपारीची कापडी चंची. सोळा वर्षांत त्यांनी शकुंतलेला तिला हात लावू दिला नव्हता. तीच रिकामी केली, गरम पाण्यात उकळली, उन्हात वाळवली आणि धाकटीच्या गळ्यात अडकवली. एका कप्प्यात उजवा गोळा, दुसऱ्यात डावा.

"लोंबकळले तर वढ बसती लेकराला," म्हणाल्या.

लेकराला! बत्तीस वर्षांचं लेकरू!

शकुंतलेने पेन उचललं आणि लिहिलं, उजवं चाळीस, डावं पस्तीस. राहू दे आणखी चार दिवस गळ्यात. कळू दे जरा लेकराला.

दुपारी सिस्टरचा फोन आला. एवढं पाणी येत असेल तर सोमवारी येऊ नका, गुरुवारी या, म्हणाल्या. फोन ठेवला आणि सपना रडायला लागली. शकुंतलेला आधी बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

"रडतीस काहून? तीन दिसांचा तर सवाल हाय."

"माझ्यासाठी न्हाई, ताई. नांदेडला मोठे डॉक्टर महिन्यातून एकच सोमवार येतेत. तुमचा नंबर लावला व्हता."

"माझा?"

"आत्याबाईच मागं लागल्या व्हत्या. थोरलीचे खांदे बघवत न्हाईत म्हणल्या. आधी तू करून घे, तकलीफ न्हाई झाली तर तिला घेऊन जा. पहिलंच सांगितलं असतं तर तुमी न्हाईच म्हणल्या असता. आन् माझ्याबिगर एकट्या थोड्याच जाताल?"

शकुंतलेने आकड्यांकडे पाहिलं. कागद समोरच होता. चष्मा नव्हता, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं.

"वीस आन् पंधराच व्हतं," ती म्हणाली. "मी वाढवून लिहिलं."

"चुकून?"

"न्हाई. मुद्दाम. माझ्या पोटात दुखत व्हतं."

सपनाने तो कागद उचलून आकडे वाचले. मग तिने सिस्टरला फोन लावला. "मॅडम, लिहिण्यात गडबड झाली. संध्याकाळी परत मोजून कळवते," एवढंच बोलली.

संध्याकाळी शकुंतला कप घेऊन आली. सपना पलंगावर उठून बसली होती. तिने हात पुढे केला.

"द्या. मी धरते."

"तुला भोवळ यील."

"येऊ द्या. वता तुमी."

शकुंतलेने ओतलं. सपनाचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम आला, पण तिने नजर काढली नाही. कप डोळ्यांसमोर धरून आकडा वाचला आणि स्वतःच्या हाताने कागदावर लिहिला. सकाळपासूनचा नऊ. मग दुसऱ्या बाजूचा, सात.

"सोमवारी सहाची एस.टी. हाय," ती म्हणाली. "दोघींनाबी जायचंय. नळ्या निघाल्या की ही चंची उकळून ठिवा. तुमाला लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळीही कप सपनानेच धरला आणि आकडाही तिनेच लिहिला.