पायरीपर्यंत डांबर

घड्याळजींनी आयुष्यात एकच हट्ट केला आणि तोही नको तिथे. फाटकापासून घरापर्यंतची वाट डांबरी करायची, आणि डांबर थेट पायरीला चिकटलं पाहिजे. मुकादमाने डोकं खाजवत विचारलं, "पायरीपाशी थोडी जागा सोडू या का? रोलर थांबायला बरी पडते." घड्याळजी म्हणाले, "नाही म्हणजे नाही. मातीचं नाव काढू नका."

मातीवर त्यांचा दात होता तो थोरल्या बहिणीपायी. बारा वर्षांपूर्वी ताई याच वाटेवर चिखलात घसरून साफ आडवी झाली, आणि तिला उचलायचं सोडून घड्याळजी पोट धरून हसत बसले. ताई आपली आपण उठली, तशीच माखलेली मागे फिरली आणि या घरी पुन्हा पाय ठेवणार नाही असं सांगून गेली. ताईने सांगितलं म्हणजे सांगितलं. आता ती कायमची लेकीकडे चालली होती, विमानाने दीड दिवस लागतो इतक्या लांब. शुक्रवारी चार वाजता, विमानतळावर जाता जाता तासभर फाटकाशी थांबेन, असं तिने फोनवर कळवलं. फाटकाशी. घड्याळजींनी फोन ठेवला आणि तडक मुकादमाला गाठलं. चिखल गेला की राग जाईल, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बिघडलेल्या घड्याळात बहुतेक वेळा कचराच सापडतो, त्यामुळे त्यांचाही फार दोष नाही.

वाट खणली, मोठी खडी पसरली, वर बारीक खडी, त्यावर रोलर फिरला. डांबराची गाडी बुधवारी यायची होती. बुधवारी आली नाही, गुरुवारी आली नाही, आली ती शुक्रवारी दुपारी तीनला, वाफा सोडत. त्यामुळे चार वाजता ताईची मोटार फाटकाशी उभी राहिली तेव्हा मुकादम दोन्ही हात पसरून वाट अडवून उभा होता.

"बाई, पाय ठेवू नका. चप्पल वितळेल आणि माझा रस्ताही जाईल." तीस वर्षांत त्याच्या ताज्या कामावर कुणाचा पाय उमटला नव्हता, मांजराचासुद्धा नाही.

ताईने चाळीस पावलांवरच्या पायरीकडे पाहिलं. तिथे भाऊ नवा सदरा घालून उभा होता. तो फार म्हातारा दिसत होता.

"मग जातं काय यावरून?"

"आज फक्त रोलर."

"मग रोलर आण," ताई म्हणाली.

फाटकाबाहेर जुन्या रस्त्यावर रोलर थांबवला. ड्रायव्हरने आपली जागा तिला दिली आणि स्वतः बाजूला उभं राहून चालवू लागला. मुंगीच्या पावलांनी ताई घराकडे निघाली. घड्याळजींनी हात पुढे केले. रोलर हातभर अंतरावर आला आणि तसाच उलटा जाऊ लागला.

"अहो, थांबवा की," घड्याळजी म्हणाले.

"थांबायचं नाही. गरम डांबरावर रोलर थांबला की खड्डा," मुकादमाने लांबून सांगितलं. "म्हणून तर जागा सोडू या म्हणत होतो."

आता काय करणार? एक फेरी चार मिनिटांची. बारा वर्षांचं भांडण हप्त्याहप्त्याने मिटवायचं होतं.

"ताई, बघ, चिखल राहिला नाही," घड्याळजी पुढच्या खेपेला म्हणाले.

"चिखलाचं मला..." ताई म्हणाली आणि लांब गेली. चार मिनिटांनी परत आली. "...काय करायचंय?"

तिसऱ्या खेपेला घड्याळजींच्या बायकोने चहाचा कप वर दिला. "वन्सं, साखर कमी घातलीय." चौथ्या खेपेला रिकामा कप खाली आला.

"मी पडले म्हणून नाही रे गेले, ठोंब्या," ताई म्हणाली. "तू हसलास म्हणून."

विचार करायला चार मिनिटं होती. तेवढ्यात शहाणा माणूस काहीतरी बरं शोधतो. घड्याळजींनी शोधलं ते असं: "तू पडलीसच तशी."

ताईने तोंड फिरवलं. पुढच्या खेपेला ती एवढंच म्हणाली, "वीस मिनिटं राहिली."

घड्याळजींनी हिशोब केला: पाच फेऱ्या. ही गेली तर गेलीच. 'चुकलं' हा शब्द घशापर्यंत आला, पण ओठावर येईतो रोलर मागे सरकला होता. मग त्यांनी पायरीवरून खाली उडी मारली आणि रोलरमागे धावले. एव्हाना चटका बसण्याइतकं डांबर गरम नव्हतं, पण चिकट होतं. चप्पल जागीच राहिली, घड्याळजी पुढे गेले आणि दाणकन बसले, नव्या सदऱ्यासकट.

"ताई, चुकलं माझं," ते बसल्या बसल्या म्हणाले.

ताई हसली. रोलरचा दांडा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "थांबव."

ताईने सांगितलं म्हणजे सांगितलं. रोलर थांबला. मुकादमाने डोळ्यांवर हात घेतला. ताई हळूहळू खाली उतरली, भावाच्या काखेत हात घालून त्याला उभा केला आणि त्याची मागची बाजू झटकत राहिली. उरलेली पंधरा मिनिटं दोघं पायरीवर बसली.

आठवड्याने मुकादम घमेलंभर गरम डांबर घेऊन आला. दोन डाग बुजवायचे होते.

"हा बुजवा," घड्याळजी आपण बसलो होतो ती जागा दाखवून म्हणाले. मग ते रोलरच्या खड्ड्यात जाऊन उभे राहिले. "हा राहू दे. पुढच्या वेळी ताई उतरणार कुठे?"